एका टेबलावर दोन भोंगे

दोन सुया. घड्याळाला लटकलेल्या, वटवाघळांसारख्या.

पाण्यावर एक टोपी, उताणी.

ठमाबाईंच्या कोंबडीला बोट लागते. तिला पडावही लागतो.

सावली खोटं बोलते, असं मी भर दुपारी, चारचौघांत, छाती पुढं काढून म्हटलेलं आहे.

भोंगा म्हणजे काय? बोटीला असतो तो. गिरणीला असतो तो. फोनोला असतो तो. मग नुसतं ‘भोंगा वाजला’ म्हटलं तर माणसानं कुठं पळायचं?

दीड गज : कुरकुर. दोन गज : गप्प!

हे सगळे तुकडे एकाच कापडाचे आहेत. आता टाके घालतो.

आमच्या बंदरावर यंत्रातलं कळणारा माणूस एकच, आणि तो मी! मी शिंपी. सदरे शिवतो, लेंगे शिवतो, मचव्यांची शिडंही शिवतो. शिवणयंत्राचा एकूण एक स्क्रू मी काढून परत बसवलेला आहे. एकदा दोन स्क्रू उरले. पण यंत्र त्यांच्यावाचून जास्तच हलकं चालायला लागलं. म्हणजे ते मुळात जादाच होते!

माझं दुकान, माझं घर आणि बोटीच्या उतारूंनी बसायची जागा, हे सगळं एकच. बोर्लीपंचतनच्या बाजूनं जो कुणी मुंबईची बोट पकडायला येतो, तो आधी माझ्या ओटीवर बोचकं टाकतो आणि विचारतो, “मास्तर, किती वाजले?” कारण बंदरावर घड्याळही एकच, आणि तेही माझं!

तर गुरुवारच्या बोटीनं माझा मेहुणा रघू यानं मुंबईहून आपला जुना रेडिओ पाठवला. तीन नग. एक लाकडी पेटी, तिच्या बॅटऱ्या, आणि बगळ्यासारखी मान वाकवलेला एक काळा भोंगा. ह्या रेडिओचा आवाज पेटीतून येत नसे. पेटीला तारेनं हा भोंगा जोडायचा, तो बाजूला ठेवायचा, आणि मग तो बोलायचा. कुठं ठेवायचा, हा प्रश्न मला पडलाच नाही. यंत्रातलं कळणाऱ्या माणसाला प्रश्न पडत नाहीत.

शुक्रवार नारळाच्या झाडावर गेला, उंच तार बांधण्यात. शनिवारी टेबलाचा तंटा उभा राहिला. घरात टेबल एक, आणि त्याच्यावर माझ्या बायकोचा, केसरचा, फोनो. तबकड्या वाजवायचा, तिच्या बापानं दिलेला. त्याचा पितळी भोंगा धोतऱ्याच्या फुलासारखा अर्ध्या टेबलावर उमललेला!

“ह्यो फोनो हितनं हलायचा न्हाय,” केसर म्हणाली.

“मग रेडिओ कुठं ठेवू? डोक्यावर?”

“ठेवा की! तितं जागा हाय रिकामी.”

शेवटी मी तोडगा काढला. डावीकडं फोनो. उजवीकडं रेडिओची पेटी. आणि रेडिओचा भोंगा? थेट पेटीच्या डोक्यावर! जवळच्या जवळ! आवाज लांबून आणला तर वाटेत सांडणार. इथं सांडायला वाटच ठेवली नाही. भोंग्याच्या पायाशी, शोभेला, मी माझं घड्याळ टेकवून ठेवलं.

“बघ! देवघरासारखं दिसतंय की नाही?”

“व्हय,” केसर म्हणाली, “फकस्त देव कंचा, त्ये कळत न्हाय.”

(इथं शिवणीसाठी बोटभर जागा सोडतो.)

रविवारी सकाळी नुरुद्दीन तांडेल आला. आमच्या बंदरात बोट काठाला लागत नाही, बाहेर खोल पाण्यात उभी राहते. उतारूंना तिथवर न्यायचं ते नुरुद्दीनच्या पडावानं. माणूस सोन्यासारखा, पण पडल्या जागी झोपणारा. बोट किनाऱ्याच्या टोकाला वळसा घालताना भोंगा द्यायची, तो ऐकून हा उठायचा. आणि पडाव पोचेपर्यंत बोट अर्धा तास धूर सोडत, उतारू शिव्या सोडत.

“मास्तर,” तो माझ्या समोर उकिडवा बसला, “आज बोटीवर कंपनीचा साहेब हाय. बोट हुबी ऱ्हायच्या आत पडाव तितं दिसला न्हाय, तर माजं काम गेलं. त्यो हमदुल्ला आपला पडाव घेऊन आत्तापासनं रेतीत बसलाय. माज्या जागी बसायला!”

“बोट कितीची?”

“साडेचारची. तुमी मला चारला उठवा. खुदाच्या वास्ते, इसरू नका! बापापासनं ह्यो पडाव आमच्याकडं हाय. त्यो गेला तर मी काय करू? मला दुसरं काय येतं?”

झोपायला येतं, असं ओठावर आलं होतं. पण त्याचा चेहरा बघून गिळलं.

“नुरुद्दीनभाय, जा आणि निवांत झोपा! घड्याळ माझं आहे. चार म्हणजे चार!”

आता मला सांगा, ह्यात माझं काय चुकलं?

संध्याकाळी सहाला अख्ख्या बंदराला मी रेडिओ ऐकायला बोलावलं होतं. म्हणून जेवण झाल्यावर म्हटलं, एकदा आधी लावून बघावा. ओटीवर पाचसहा उतारू सकाळपासूनच बसले होते. त्यांत ठमाबाई, उरणला लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या, मांडीवर पाटी, पाटीत कोंबडी. मी चावी फिरवली. पेटीतले दिवे लालसर झाले. खरखर आली. चावी आणखी फिरवली. नुसती खरखर! तार सैल असेल म्हणून मी टेबलाखाली शिरलो, आणि...

“भोंऽऽऽऽऽऽ!”

मी ताडकन उठलो. टेबल डोक्याला लागलं. डोकं चोळत घड्याळ बघितलं. चार वाजून पंचवीस मिनिटं!

“मेलो! बोट आली! नुरुद्दीनला उठवायचं राहिलं!”

केसर कानांवर हात ठेवून दारात उभी. “अवो, घरातच वाजतंय त्ये!”

“घरात बोट येते का कधी?”

“आत्ता तर जेवलाव! चार कुठनं वाजतील? सावली तरी बघा. पायातच हाय!”

सगळे उतारू आपापल्या सावलीकडं बघायला लागले. तेव्हाच ते मी म्हणालो, “सावली खोटं बोलते! घड्याळ नाही!”

आणि सुटलो! नुरुद्दीन पडावाच्या आडोशाला घोरत होता. मी त्याला गदागदा हलवला.

“उठा! बोट! साडेचार झाले!”

“साडेचार?” तो उठला तो थेट पाण्यातच. “चारला उठवणार व्हता ना? मास्तर, बुडवलंत मला!”

मागून अजून “भोंऽऽऽ” चालूच. त्या आवाजानं उतारूंना पंख फुटले. बोचकी पडावात पडली, बोचक्यांवर माणसं पडली. ठमाबाईंना दोन खलाशांनी भाताच्या भाऱ्यासारखं उचलून आत ठेवलं.

“माजी कोंबडी! मेल्यांनो, कोंबडी सुलटी धरा!”

वल्ही पाण्यात पडली. पडाव असा निघाला की जणू मागं वाघ लागलाय. सुरूच्या झाडाखाली बसलेल्या हमदुल्लाचं तोंड उतरलं. मी कमरेवर हात ठेवून समुद्राकडं बघत राहिलो.

समुद्रावर बोट नव्हती.

धूर नव्हता. टोकाला वळसा घालणारं काहीच नव्हतं. पण भोंगा वाजत होता. आणि आवाज समुद्राकडून यायच्या ऐवजी माझ्या पाठीमागून येत होता.

मी घराकडं गेलो. पळत नाही, पळायचं धैर्य उरलं नव्हतं.

“या,” केसर म्हणाली. “बोट माजघरात लागलीया. उतारू कुठं बसवू?”

मी टेबलाजवळ गेलो आणि पेटीच्या डोक्यावरचा भोंगा उचलला.

आवाज बंद!

परत ठेवला. “भोंऽऽऽ!” उचलला. बंद! ठेवला. “भोंऽऽऽ!”

वाचकहो, माझ्यातला यंत्रवाला जागा झाला! नुरुद्दीन, साहेब, पडाव, सगळं विसरलो. गळ्यातली टेप काढली. भोंग्याची तार वाढवून मी एका हातानं तो धरला आणि पेटीपासून मापं घ्यायला लागलो.

पेटीवर : बोट.

अर्धा गज : लांबची बोट.

एक गज : म्हैस.

दीड गज : कुरकुर.

दोन गज : गप्प!

मग खात्री करायला पुन्हा दोन गजांवरून पेटीपर्यंत आलो. मग पुन्हा मागं. भोंगा ओरडला की पेटीतले दिवे थरथरायचे. दिवे थरथरले की भोंगा आणखी ओरडायचा. दोन जावा एका चुलीपाशी! पहिली बोलली की दुसरी तिच्यावर चढते, दुसरी बोलली की पहिली. भांडण कसलं ते कुणालाच माहीत नाही. उपाय एकच, चुली वेगळ्या करायच्या. अहाहा! असा शोध...

“मास्तर!”

दारात मुनिरा. नुरुद्दीनची बायको. पदर खोचलेला, हातात मासळी साफ करायची सुरी.

“तुमी काय करताय?”

“मुनिराभाभी, शोध लावतोय!”

“तुमचा शोध तितं बघा! माजा नवरा दर्यात फुगडी घालतोय!”

मी बाहेर बघितलं. बोट नाही म्हणून पडाव परत फिरायचा, तोच मी भोंगा पेटीवर ठेवायचो. भोंगा ऐकून पडाव पुन्हा बाहेर. मी उचलला, पडाव आत. मी ठेवला, पडाव बाहेर! एक तास मी इथं टेप धरून मागंपुढं होत होतो आणि तिथं बारा वल्ही माझ्याबरोबर मागंपुढं होत होती. वाऱ्यावर ठमाबाईंचा आवाज तुटक तुटक येत होता. तुटक होता हेच बरं.

“अहो, पण साडेचार वाजून गेले असतील ना?” मी म्हणालो. “मग बोट कुठं?”

मी घड्याळ उचललं. पावणेआठ!

बाहेर ऊन रखरखत होतं. माझ्या हातातल्या घड्याळात दिवेलागण होऊन गेली होती. केसरनं टेबलावरची सुयांची डबी माझ्यासमोर उपडी केली. सुया टेबलावर पडल्या नाहीत. उड्या मारून भोंग्याच्या पायाला चिकटल्या! दोन माझ्या घड्याळाला जाऊन लटकल्या.

“ह्याच्या बुडात लोहचुंबक हाय,” केसर म्हणाली. “सकाळपासनं माजी एक सुई जाग्यावर न्हाय. तितं घड्याळ ठेवलंत, मग त्ये पिसाळणार न्हाय तर काय?”

म्हणजे बोट यायची अजून बाकी! आणि तिथं बारा खलाशी वल्हवून वल्हवून थकलेले. आता ते काठाला येऊन आडवे होणार, खरी बोट येणार, साहेब खाली बघणार, आणि पाण्यावर पडाव नसणार. बापापासूनचं काम एका शिंप्याच्या टेपनं जाणार! मी मुनिराला सगळं सांगून टाकलं. ती रडेल असं वाटलं. ती सुरी खाली ठेवून ओटीवरून टक लावून बघत राहिली.

“नांगर टाकला त्यानं,” ती म्हणाली.

“कुठं?”

“तितंच. दर्यात. रुसलाय! आता त्यो हलायचा न्हाय. लगीन झाल्यापास्नं बघतेय मी. घरात रुसला तर खाटेला नांगर, दर्यात रुसला तर दर्याला.”

खरंच, पडाव खोल पाण्यात थांबला होता. नुरुद्दीन आमच्याकडं पाठ करून बसला होता. अर्ध्या मैलावरूनही ती पाठ रुसलेली दिसत होती.

हमदुल्ला ओटीपाशी आला. खुशीनं त्याचं पोट हलत होतं. “काय मास्तर, आता भोंगा कुठं ठेवणार? झाडावर?”

मी आत गेलो. रेडिओ बंद केला. भोंगा गोधडीत गुंडाळला आणि तो कुशीत घेऊन ओटीवर बसलो. आता ह्या जन्मात त्याच्यातून हूं की चूं निघू द्यायचं नाही! सावल्या लांबल्या. केसरनं चहा दिला. मुनिरानं घेतला नाही. तिचे डोळे पाण्यावर.

आणि मग...

“भोंऽऽऽऽऽ!”

मी ओरडलो, “मी काही केलं नाही!”

हमदुल्ला जमिनीवर बसून हसायला लागला. “पुन्ना! पुन्ना! मास्तर, गोधडीतनं बी!” मी गोधडी सोडून बघितलं. भोंगा मुका. मुनिरा उठून उभी राहिली. टोकाला धूर दिसला. धुराच्या खाली बोट. आणि बोटीच्या वाटेवर, जिथं ती नेहमी उभी राहते बरोबर त्याच पाण्यावर, एक पडाव, नांगर टाकून, उतारू आत बसवून, तयार!

पुढचं मी नुरुद्दीनच्या तोंडून ऐकलं, पण तुम्ही ते माझ्या तोंडून ऐका. बोट थांबायच्या आत पडाव तिला लागला. कठड्याशी साहेब उभा होता, हातात वही, पेन्सिल टोक काढून तयार. त्यानं खाली बघितलं. त्याला खरं वाटेना. नीट बघायला तो एवढा वाकला की डोक्यावरची टोपी सुटली आणि पाण्यात पडली. नुरुद्दीननं वल्ह्यानं ती अलगद उचलून वर दिली.

“तांडेल, तू इधर कबसे है?” साहेबानं विचारलं.

नुरुद्दीन रागानं धुमसत होता. खोटं बोलायचं त्राण त्याच्यात नव्हतं. “दुपारपासून, साहेब!”

“दुपारपासून?”

“व्हय! विचारा ह्या बाईला!”

ठमाबाई शिडीवर होत्या. “दुपारपासून!” त्या कळवळून म्हणाल्या. “माजी कोंबडी साक्षीला हाय. वकून वकून अर्धी झाली!”

साहेबानं ओली टोपी काढून हातात धरली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाला की सगळ्या किनाऱ्यावर असा तांडेल त्यानं बघितला नाही. पडाव नुरुद्दीनकडंच राहणार! ठमाबाई वर चढता चढता ओरडल्या, “त्या शिंप्याला सांग, माज्या नातवाचं कुंची-झबलं शिवून ठेव म्हणावं! न्हायतर परत आल्यावर बघते त्याला!”

काठावर हमदुल्ला अजून म्हणत होता, “मास्तरांचाच भोंगा त्यो!” बोट निघून गेली तरी त्याला पटेना.

संध्याकाळी मी फोनो टेबलावर ठेवला, रेडिओची पेटी खाली पाटावर, आणि भोंगा तिच्यापासून दोन गज लांब, खिडकीत. टेपनं मोजून! सहा वाजता (म्हणजे अंदाजानं) चावी फिरवली, आणि मुंबईत कुणी बाई गात होती ती आमच्या खिडकीत येऊन गायला लागली. ओटीवर माणूस मावेना. केसर दाराला टेकून ऐकत होती. तिनं पान लावून मला दिलं. यंत्रातलं कळणाऱ्या माणसाला ह्याहून काय हवं?

तेवढ्यात गर्दी फुटली आणि नुरुद्दीन आला. मागं मुनिरा. मी गोधडी शोधायला लागलो, ह्या वेळी स्वतःसाठी. पण त्याच्या हातात केळीच्या पानावर दोन पापलेटं होती, ताटाएवढी!

“मास्तर, हे तुमाला.”

“अहो, मी तुम्हाला दोन तास...”

“चार!” मुनिरा म्हणाली.

“चार तास उन्हात घातलं!”

“म्हणून तर काम ऱ्हायलं!” नुरुद्दीन म्हणाला. मग त्यानं खिडकीतल्या भोंग्याकडं बोट दाखवलं. त्याचा चेहरा पडला. “त्यो तितं कशाला ठेवलाव?”

“तीच त्याची बरोबर जागा. दोन गज. तिथं तो ओरडत नाही, गातो.”

“गाऊन मला काय करायचं हाय? मी गाण्यानं उठतो काय? साहेब आता कदी बी यील. गुरुवारी आणि रविवारी, जेवण झालं की त्यो पेटीवर ठेवायचा. वाजवायचा!”

“अहो, पण ते चूक आहे! यंत्राच्या विरुद्ध आहे! दिव्यांना धक्का बसतो!”

“मास्तर, वाजवा!” ओटीवरून दहाबारा आवाज एकदम आले. सगळे बोटीनं नेहमी जाणारे-येणारे. “वाजवा, वाजवा!”

“मग मी रेडिओ ऐकू कधी?”

“बोट गेल्यावर,” मुनिरा म्हणाली, आणि पापलेटं साफ करायला केसरबरोबर आत गेली.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, भरल्या पोटी, बंदरावरचा यंत्रातलं कळणारा एकमेव माणूस भोंगा चुकीच्या जागी ठेवतो आणि कानात कापूस घालून बसतो. हमदुल्लाही आता तो भोंगा ऐकूनच आपलं दुपारचं जेवण उरकतो. पापलेटं मात्र दर रविवारी येतात, आणि केसर ती कोकमाच्या आंबटात अशी करते की भोंग्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

एक गोष्ट केसरनं मला मागाहून सांगितली: त्याच पहिल्या शनिवारी, टेबल मांडून झाल्यावर, पेटीतले दिवे पेटतात का ते बघून मी विहिरीवर आंघोळीला गेलो होतो, पेटी चालूच राहिली होती आणि भोंगा ओरडायला लागला होता. तेव्हा केसरनं तो उचलून खाली ठेवला, आवाज थांबला, मग तिनं चावी बंद केली आणि भोंगा पुसून होता तिथं परत ठेवला. म्हणजे माझा शोध तिनं आदल्या दिवशीच लावला होता!